आय एम फाइन, थँक्यू

मजेत आहे हो, माट्साब. वर जाऊनसुद्धा पहिला प्रश्न तोच, हाउ आर यू? आणि हसू नका, पण मांडूच्या वाटेवरच्या नालछ्याच्या शाळेतली ती पोरगी, जिचं इंग्रजी ऐकून तुम्ही कपाळावर हात मारून घ्यायचात, ती आता देवासला ओसरीत बसून लेकरांना इंग्रजी शिकवते. गल्लीतली पोरं सगळी इंग्लिश मीडियमची, घरी मात्र कोणाला एक ओळ वाचता येत नाही. बाप कारखान्यात ड्यूटीला, आया म्हणतात, "आजी, तुम ही देख लो." मग मीच बघते.

शिकवते काय, तुमचाच खेळ चोरलाय. शनिवारी तुम्ही टोपी घालून मांडू बघायला निघालेले गोरे साहेब व्हायचात आणि आम्ही तुम्हाला मांडूची इमली, ती गोरखचिंचेची फळं, विकायची. साहेबाला हिंदी कळत नाही, मराठी कळत नाही, काय ते इंग्रजीत बोला! तुमचं इंग्रजी ऐकून खरा साहेब नालछ्यावरूनच परत फिरला असता, पण आमचं तोंड उघडलं ते तिथेच. मी टोपीऐवजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावते. चष्मा चढला की आजी गेली, मॅडम आली. मॅडम विचारते, "हाउ आर यू?" की सगळी एका सुरात, "आय एम फाइन, थँक्यू." तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलं होतंत ना, अगदी तस्सं.

मागच्या महिन्यात समोरच्या घरातली दुसरीतली मुलगी आली. ती पण म्हणाली, फाइन, थँक्यू. हात धरला तर तव्यासारखा. तशा तापात दिवसभर शाळेत बसली होती. मी म्हटलं, "बेटा, टीचर को बताया नहीं?" तर म्हणे, "टीचर ने हाउ आर यू पूछा था. मैंने फाइन बोला." "क्यूं बोला?" "वही आता है, आजी."

ताप उतरल्यावर तिला दुसरं शिकवलं. आय एम नॉट फाइन. आय हॅव फीवर. माय स्टमक इज पेनिंग. तिची आई तणतणत आली, "ऐसा बोलेगी तो टीचर नंबर काट लेगी. किताब में तो फाइन ही लिखा है." मी म्हटलं, "कटने दे. पोरगी तापानं फणफणतेय आणि कोणाला पत्ता नाही, तेव्हा नंबर काय चाटायचेत?" ती रागावली, मुलीला पाठवायचं बंद केलं. मला वाटलं, गेली ही. मग एक दिवस शाळेतून तिच्या आईला फोन आला, मुलगी सांगतेय पोट दुखतंय, घेऊन जा. त्या संध्याकाळी आईनंच बोट धरून तिला ओसरीवर आणून बसवलं. जाताना पोहे ठेवून गेली.

काल त्या चिमुरडीनं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या नाकावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, हाउ आर यू?" माझ्या तोंडून आपोआप आलं, फाइन, थँक्यू. चष्मा खाली घसरवून माझ्याकडे बघत म्हणते कशी, "सच्ची में?"

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच लिहिते. माझं स्थळ तुम्हीच आणलं होतंत. आपल्यातलंच मराठी घर, मुलगा नोकरीला, पोरगी सुखात पडली म्हणून गावभर सांगितलंत. देवासला आलात की दारातूनच ओरडायचात, "हाउ आर यू?" मी कणकेचे हात घेऊन बाहेर येत, "आय एम फाइन, थँक्यू!" तुम्ही खूश, उच्चार किती सुधारला म्हणून. हे बाजूलाच बसलेले असायचे, पेपरातून मान वर न करता. तुमचा चेहरा बघून माझ्यानं दुसरं काही बोलवायचं नाही.

माट्साब, मी फाइन नव्हते. एक दिवससुद्धा नव्हते. झाले ती हे गेल्यावर.