बँडच्या पानासाठी जन्मतारीख

लिमरिक, नोव्हेंबर २०१६

इंद्रनील,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून ‘प्रिय’ लिहायचे कष्टही घेत नाही.

आज शॅननच्या फॅक्टरीतून दमून आले, तर लीड्सहून एकाचा फोन. अल्पायुषी ब्रिटिश पॉप बँड्सचा इतिहास तो वेबसाइटवर लिहितोय. त्यात आपलाही आहे! दोन उन्हाळे, एक रेकॉर्ड, तू गिटारवर, मी गायला.

लेक ऐकत होती. इथल्या मुलांसारखी ती आईला ‘मॅम’ म्हणते. “मॅम, यू वर इन अ बँड?”

“थोडे दिवस गं.”

“बँड का फुटला?” त्यानं विचारलं. तुझ्या आईनं आपल्या पत्रिका पाहिल्या, त्या जुळल्या नाहीत आणि तू तालमीला येणंच बंद केलंस, हे त्याला काय सांगू? म्हटलं, सगळे नोकरीला लागलो.

मग त्यानं सगळ्यांच्या जन्मतारखा मागितल्या. तुझी सांगितली, आणि त्याच दमात जन्मवेळ आणि जन्मगावही सांगून टाकलं. पुण्याला माझ्या आईला पत्रिकेसाठी फोनवर कळवायचं म्हणून तेव्हा पाठ केलं होतं.

“नुसती तारीख पुरे,” तो हसून म्हणाला.

तुमच्या घरी नाही पुरली.

माधवी