निवटी, कंट्रोल बोलतेय

सारसोळे, नेरुळ
३ फेब्रुवारी २०२५

ती. पंढरीकाकांस,
भाविकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बंबाच्या भोंग्यांनी तुमचे कान नेले, त्यामुळे फोनवर माझं अर्धं बोलणं वाया जातं. म्हणून पत्रच लिहिते.

फायर ब्रिगेडच्या कंट्रोलरूममध्ये मला चार महिने झाले. मार्चअखेर सहा भरतील, मग मला कायम करायचं की नाही ते ठरेल. आगीची वर्दी घ्यायची, वायरलेसवर जवळची गाडी पाठवायची, मिनिटासकट लॉगबुकात लिहायचं. शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला जुन्या लॉगबुकाच्या कोऱ्या पानांवरच अक्षरं गिरवायला लावलीत, त्यामुळे रकान्यांची भीती वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. वायरलेसवर तुकड्यांची टोपणनावं बंद करायचं परिपत्रक आलंय. कारखान्यांकडची 'चिमणी', दिघ्याकडची 'टेकडी', सगळ्यांना आता गाडीच्या नंबरानेच हाक मारायची. तुम्ही अठरा वर्षं सांभाळलेल्या 'निवटी'ला मी 'तेवीस' म्हणते. तुमच्या जागी आता जाफरभाई आहेत. ते मुद्दाम सेटवर सांगतात की निवटी परत आली. मी नंबर विचारते, मग ते हसत तेवीस म्हणतात. माझे सीनियर विश्वजित सर म्हणाले, हिला आईने हाक मारली तरी ही आधी आधार नंबर विचारेल.

काका, तुमच्या नावाला मी कमीपणा आणते का? खरं सांगा.

आजवरचा लोभ या पत्रानंतरही तसाच ठेवावा.
तुमची
भाविका


नागाव, ता. अलिबाग
१२ फेब्रुवारी २०२५

चि. भाविकास,
काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आमच्या पोरीनं, सोनलनं, पत्र वाचून दाखवायला घेतलं. मी हिसकावलं, कान गेले हायत, डोळे नाय.

हुकूम हाय तर पाळायचा. त्यात कमीपना कसला? आनि नाव काय आमी मागितलं नव्हतं. ओहोटीला खाडीत दोन बाया चिखलात कमरेपर्यंत रुतल्या. बंब जाईना, तवा आमी सहा जन पोटावर सरपटत गेलो. दोघींना काढलं. परत आलो तर नुसते डोळे दिसत होते. चिमनीवाल्यांनी सेटवर विचारलं, निवट्या पकडायला गेल्ते का निवट्याच होऊन आले? चिखलातला मासा तो, आपल्याकडं कालवन करतात, त्याचं नाव आमाला चिकटलं. आधी राग आला. मंग असं झालं का निवटी म्हटलं का सहाही जन ताटावरून उठायचे.

तू जाफरला सांग, पोरीला छळू नको म्हनावं. तुजी शेवंताआजी विचारते, डबा खातेस का तसाच परत आनतेस?

माया हाय ती हायच, कागदावर काय लिहायची.
पंढरीकाका


सारसोळे, नेरुळ
१५ मार्च २०२५

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझ्याकडून चूक झाली आहे. क्रमाने सांगते.

परवा सकाळी तेवीस नंबरची गाडी ब्रेकच्या कामाला वर्कशॉपला गेली. जाफरभाईंच्या तुकडीने जादा असलेली एकतीस घेतली. तशी चिठ्ठी माझ्याकडे आली, पण तिच्यावर सही नव्हती. मी चिठ्ठी सहीसाठी परत पाठवली आणि सही येईपर्यंत, कुठली गाडी कामावर आहे ते दाखवणाऱ्या फळ्यावर तेवीसच ठेवलं. नियम तसाच आहे.

दुपारी तीन चाळीसला पावणे एमआयडीसीतून वर्दी आली. रंगाच्या एका गोदामाला आग, दोन कामगार गच्चीवर अडकलेले. चिमणी आधीच दुसऱ्या आगीवर होती. मी तेवीसला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. तेवीसचा सेट वर्कशॉपमध्ये बंद पडून होता, काका, आणि मी त्याला बोलावत होते. फोनवरचा माणूस सांगत होता की गच्चीचा पत्रा तापलाय, ते दोघं एका पायावर उभे राहतायत. एकतीस म्हणावं, तर फळ्यावर एकतीस माणसांविना रिकामी उभी होती आणि डोकं फळ्याच्या बाहेर जाईना. मग तोंडातून आपोआप निघालं, "निवटी, निवटी, कंट्रोल बोलतेय. कुठे आहात?"

लगेच जाफरभाई म्हणाले, "निवटी तुर्भे पुलाखाली. बोल बेटा."

तेवीसची हाक त्यांनीही ऐकली होती, पण मी वर्कशॉपशी बोलतेय असं त्यांना वाटलं होतं. सात मिनिटांत ते पोचले. दोघांनाही शिडीवरून उतरवलं. एकाचे तळवे भाजलेत, पण दोघं जिवंत आहेत.

मी लॉगबुकात सगळं लिहिलं. चिठ्ठी मी परत पाठवली, त्यामुळे सत्तर सेकंद गेले. मग टोपणनाव वापरलं. विश्वजित सर माझ्या भल्यासाठीच म्हणाले की एकतीसला कॉल दिला एवढंच लिही, कोण बघतंय. मला ते जमलं नाही. आता सत्तावीस तारखेला चीफ फायर ऑफिसर साहेबांपुढे चौकशी आहे आणि नोकरीचा निकालही त्याच दिवशी. आई म्हणते, जरा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं. मी चुकले का?

रागावलात तरी लोभ कमी करू नये.
भाविका


नागाव
१९ मार्च २०२५

चि. भाविकास आशीर्वाद, वि. वि.

एक अक्षर बदलू नको.

कोनाला सांगितलं नाय ते तुला सांगतो. एकदा आमी चार मिनिटं उशिरा निघालो. ड्रायवर नवा होता, त्याची नोकरी जाईल म्हनून मी लॉगबुकात येळ खोटी लिहिली. जीव कोनाचा गेला नाय, कोनी विचारलं नाय. ड्रायवर पुढं चांगला निघाला. पन त्या पानावरची माजी सही मला आजबी दिसते. तुला अक्षर मी शिकवलं, पन हे तू माज्याकडनं शिकली नाहीस. मला त्याचा अभिमान हाय.

नोकरी गेली तर सरळ इकडं ये. ताठ मानेनं ये.
काका


सारसोळे, नेरुळ
२ एप्रिल २०२५

ती. काकांस,
भाविकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

चौकशीला जाफरभाई तुकडीतल्या पाचही जणांना घेऊन न बोलावता आले आणि दाराबाहेर इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उभे राहिले. साहेबांनी विचारलं, तुमचं काय काम? जाफरभाई म्हणाले, काही नाही सर, हाक आली होती म्हणून गेलो होतो, तेवढंच सांगायला आलोय.

साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकवलं. माझा आवाज इतका कापत होता की मला लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, सत्तर सेकंद कुठून आणले? टेपवर बावन्न आहेत, स्वतःविरुद्ध अठरा जादा लिहिलेत. मी म्हटलं, मला तेवढे वाटले होते, पण आता दुरुस्तीची नोंद करते. साहेबांनी कागद तोंडासमोर धरला. बहुतेक हसू दाबत होते.

चिठ्ठी अडवल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, ती फाइलमध्ये राहील. आणि मी कायम झाले. परिपत्रकही बदललं. गाडी बदलते, माणसं तीच राहतात, म्हणून फळ्यावर नंबराशेजारी तुकडीचं नाव लिहायचा नवा रकाना आलाय. तो आखायचं काम मलाच दिलं. पहिलं नाव मी 'निवटी' लिहिलं. साहेबांनी अक्षर बघून विचारलं, कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.

सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स पाठवते, ताकीद आणि नेमणूक. सोनलताई म्हणते की तुम्ही नेमणुकीचा कागद गावभर दाखवणार. जरूर दाखवा. पण काका, दोन्ही दाखवा. आणि ताकीद वर ठेवा.

शेवंताआजीला सांगा, डबा संपवते. तुमचा लोभ मला पुरून उरतोय, तो असाच राहावा.
तुमची
भाविका