टेबलाखाली काय आहे

पाला, कोट्टयम जिल्हा

येशूची स्तुती असो.

वडीलधारे चांडिच्चायन यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे इट्टूपचा, कमरेपर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली आता वाकवत नाही). तुमचा संधिवात, चेडत्ती वहिनींचा रक्तदाब आणि डोंगरावरची तुमची मिरी कशी आहे ते कळवावं. पैकी मिरी उत्तम असणार, कारण तिच्याबद्दल तुम्ही कधी अवाक्षर लिहीत नाही. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही म्हणून हा पत्राचा खटाटोप.

उत्तराला दोन महिने उशीर झाला, कारण चौपन्नाव्या वर्षी मी शाळेत जाऊ लागलो आहे. तुमची बहीण एलिक्कुट्टी इंग्लंडात नर्स होऊन सहा वर्षं झाली, आणि आता तिला नवराही तिथे हवा आहे. (सहा वर्षं नसला तरी चाललं, पण आता हवा आहे.) नवऱ्याला न्यायचं तर त्याने इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची, असा तिकडचा नियम. म्हणून मी रोज सकाळी रबराचा चीक गोळा करून, गाईचं दूध काढून, आंघोळ करून बाजारातल्या बेकरीच्या माडीवर सुगतन सरांच्या वर्गात जाऊन बसतो. वर्गात तेवीस नर्सपोरी आणि मी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर नवे सर आले समजून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी शेवटच्या बाकावर बसलो तेव्हा त्या खाली बसल्या, आणि तेव्हापासून मला अप्पच्चन म्हणजे आजोबा म्हणतात.

सरांचं मत असं की माणसाचं इंग्रजी मोठ्या शब्दांपाशी अडत नाही, इन-ऑन-अंडरच्या बारक्या जोड्यांपाशी अडतं. तसल्या पाच जोड्या ते रोज देतात. प्रत्येकीचं वाक्य करून उभं राहून म्हणायचं, आणि वाक्य आपल्याच घरातलं आणि खरं पाहिजे. खोटं वाक्य जिभेवर मुक्काम करत नाही, असं ते म्हणतात (ते अविवाहित आहेत). मी 'अंडर द टेबल'साठी गाइडमधलं मांजर टेबलाखाली बसवून दिलं. सर म्हणाले, "अच्चाया, घरी मांजर आहे?" म्हटलं, नाही. "टेबल आहे?" आहे. "मग त्याच्याखाली जे आहे ते सांगा की." आता टेबलाखाली ब्रँडीची बाटली आहे, आणि एलिक्कुट्टीच्या समजुतीप्रमाणे मी ती गेल्या ईस्टरला सोडली. पण सांगून टाकलं. सर शाबास म्हणाले. चौथीनंतर मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं, त्यामुळे मला खऱ्या वाक्यांची चटक लागली.

मग काय विचारता. 'ऑन बिहाफ ऑफ' आलं तेव्हा मी सांगितलं, बायकोच्या वतीने तिच्या वाटणीचं बीफ फ्रायही मीच खातो. 'इन स्पाइट ऑफ'ला डॉक्टरला आणलं, की तो नको म्हणतो तरीसुद्धा खातो. 'इन्स्टेड ऑफ'ला रविवारच्या प्रार्थनेऐवजी मी कुठे पत्ते खेळतो ते आलं. पोरी पोट धरून हसायच्या. त्यांतली लिजीमोल मात्र हसता हसता वहीत उतरवून घ्यायची. ती आपल्या शेजारच्या वर्क्कीची मुलगी आणि एलिक्कुट्टीची धर्मकन्या, हे माझ्या ध्यानात होतं, पण ती रोज संध्याकाळी ते सगळं इंग्लंडला पाठवते हे नव्हतं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे आधी फिरले. एका रविवारी एलिक्कुट्टीने फोन केला आणि माझी वाक्यं तारीखवार वाचून दाखवली. शेवटी म्हणाली, "इंग्रजी सुधारलंय तुमचं."

इथवर ठीक होतं. पण मी परीक्षेत दोनदा नापास झालो. परीक्षक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. परवा सरांनी 'ऑन पर्पज' दिलं, म्हणजे मुद्दाम. मी सवयीने उभा राहिलो आणि सवयीनेच खरं बोलून गेलो: आय फेल्ड ऑन पर्पज. कोणी हसलं नाही. लिजीमोलने मात्र लिहून घेतलं. त्याला चार दिवस झाले, एलिक्कुट्टीचा फोन नाही.

चांडिच्चायन, मला जायची भीती वाटते. इथे बाजारापर्यंत गेलो तर दहा जण हाक मारतात. तिथे तिची ड्यूटी बारा तासांची. मी खिडकीशी बसून तिची वाट पाहायची. वाट पाहायला मी इथेही आहे, आणि इथे ऊन आहे. तेव्हा तुम्ही तिला लिहा की इट्टूप मठ्ठ आहे, त्याला हे जमायचं नाही. तुमचं ती ऐकते. आमच्या लग्नाआधीही तुम्ही हेच म्हणाला होतात, त्यामुळे नवीन काही सुचवावं लागणार नाही.

चेडत्तींना नमस्कार, मिरीला आशीर्वाद.

आपला,
इट्टूप

ता. क. हे पत्र तिकिटाअभावी खिशातच राहिलं. काल वर्गात लिजीमोल उभी राहिली आणि म्हणाली, आज माझी वाक्यं नाहीत, एलिक्कुट्टीम्मांनी पाठवलेली आहेत. 'बिहाइंड द डोअर': माझ्या दारामागे एका पुरुषाचा कोट टांगला आहे. 'फॉर थ्री विंटर्स': तीन हिवाळे तो तिथेच आहे. 'फ्रॉम मेमरी': माप मी आठवणीवरून घेतलं. 'इन फ्रंट ऑफ': जेवताना माझ्या समोर रिकामी खुर्ची असते. पाचवं लिजीमोलला वाचता आलं नाही, आणि मीही मागितलं नाही. तेव्हा वर सांगितलेलं काही तिला लिहू नका.

दुसरा ता. क. आमची गाय कुंजुमणी तुमच्याकडे ठेवून घ्याल का? पत्राची विनंती हीच समजा. लाथ मारते, पण मुद्दाम नाही. बीफ मी बंद केलं आहे, कारण तिच्या आठवणीतला इट्टूप बराच सडपातळ असणार.

तिसरा ता. क. परीक्षा मंगळवारी आहे. चर्चमध्ये माझ्या नावाने एक मेणबत्ती लावा, मोठी लावा. या वेळी मी खरोखरच नापास झालो, तर ते तिला कोणत्याही भाषेत खरं वाटणार नाही.