पंधरा किलो दोनशे

प्रिय आई,

मी पास झाले हे तुला ताईकडून कळलंच असेल. बालरोग विषयात वर्गात पहिली आले हेही तिने सांगितलं असेल आणि तू ते तुमच्या दवाखान्यात औषधं देणाऱ्यापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ऐकवलं असशील. ऐकवलंस तर ऐकवलंस. पण कौतुकाचा फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर बोलायला गेले तर तू मध्येच ‘अगं, पण पहिली आलीस ना?’ म्हणशील आणि मी पुढचं गिळून टाकेन. गेले चार दिवस तेच करतेय. मला या जागेची किळस आली आहे आणि त्याहून जास्त स्वतःची. परवा निकालानंतर वर्गाने केक कापला, एकमेकांच्या गालाला क्रीम फासलं, विभागप्रमुखांनी भाषण ठोकलं की मुलांचा डॉक्टर व्हायला आधी मुलांवर माया असावी लागते. मी टाळ्या वाजवल्या आणि मग मोरीत जाऊन ओकले.

सहा महिने आम्ही लहान मुलांचं वैद्यक शिकलो म्हणजे काय केलं, ते ऐक. नवजात बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचं, ते रबरी बाहुलीवर शिकलो. तिच्या छातीतली स्प्रिंग कधीच तुटली आहे, त्यामुळे ती कुणाच्याच हातून जगत नाही. तरी सगळ्यांच्या वहीत ‘बाळ रडलं’ असं लिहून खाली सही झाली. बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी द्यावं, हे मी चार परीक्षांत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले. आणि इथे प्रसूतीच्या खोलीत बाळ पहिला तासभर कोपऱ्यातल्या टेबलावर एकटं पडून असतं, कारण कागद भरून व्हायचे असतात. जन्माचं वजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट, दोन वर्षांत चौपट. झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. मुलाला तपासण्याआधी त्याच्याशी बोला, हात चोळून गरम करा, पोट दाबताना नजर चेहऱ्यावर ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

आमच्या परीक्षेची एक रीत आहे, ती तुला ठाऊक नसेल. प्रत्येकाच्या वाट्याला वॉर्डातलं एक मूल येतं. अर्ध्या तासात त्याला तपासायचं आणि परीक्षकांपुढे सगळं मांडायचं. त्यासाठी ‘चांगली’ मुलं लागतात. चांगलं म्हणजे ज्याचा आजार हाताला सहज लागतो असं. असं मूल परीक्षेच्या तोंडावर भरती झालं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. मग ते बरं झालं तरी घरी सोडत नाहीत. आईला सांगतात, एक तपासणी राहिली आहे. कुठली, ते तीही विचारत नाही आणि हेही सांगत नाहीत.

या वेळी एक पाच वर्षांची मुलगी होती. तापाने आली होती. ताप चौथ्या दिवशी उतरला, पण डाव्या बरगडीखाली तिची प्लीहा चांगली चार बोटं वाढलेली. आंधळ्यालाही सापडेल अशी. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटतात, त्यात जिच्या चिठ्ठीने माणूस हमखास पास होतो ती ही, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘लॉटरी’ ठेवलं. तिला वाटायचं, हे लाडाचं नाव आहे. हाक मारली की ओ द्यायची. तिला अठरा दिवस ठेवली. आम्ही बेचाळीस जण, आई. कुणी सकाळी येऊन पोट दाबायचं, कुणी जेवणानंतर, कुणी दोन्ही वेळा. तिला आमच्यापेक्षा जास्त यायला लागलं होतं. माझाच हात एकदा चुकीच्या जागी गेला तर म्हणाली, तिथे नाही, अजून खाली, आणि हात किती गार आहे तुझा. मी हसले. बाहेर येऊन सगळ्यांना हा किस्सा सांगितला आणि तेही हसले.

तिच्या आजाराचा एक कागद होता. भरतीच्या दिवशी कुणीतरी नीट उतरवून घेतलेला, मग झेरॉक्स होऊन हातोहात फिरलेला. आम्ही त्याला ‘पोथी’ म्हणायचो. वय पाच, उंची इतकी, वजन पंधरा किलो दोनशे, वयाच्या मानाने जरा कमी पण काळजीचं नाही. बेचाळीस जणांनी हे पाठ केलं. वॉर्डातल्या वजनकाट्यावर जुन्या कागदांचे गठ्ठे ठेवलेले असतात. ते उचलून तिला त्यावर उभं करावं असं अठरा दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मोठ्या डॉक्टरांच्या नाही, नर्सच्या नाही, आणि तुझ्या हुशार लेकीच्याही नाही.

चिठ्ठीत ती मलाच आली. मी परीक्षकांपुढे घडाघडा बोलले, पंधरा किलो दोनशेसुद्धा. ते खूश झाले, म्हणाले, मुलाच्या वाढीकडे लक्ष देणारे विद्यार्थी हल्ली दुर्मिळ झालेत. त्यानंतर दुपारी तिला घरी सोडायचं होतं. तिची आई सामान भरत होती, म्हणून मी पोरीला खाटेवरून खाली उतरवलं. उचलताना हाताला वजन असं काही लागलंच नाही. मी गठ्ठे खाली फेकले आणि तिला काट्यावर ठेवलं. तेरा किलो चारशे. पुन्हा ठेवलं, तेवढंच.

काय झालं होतं ते तिनेच सांगितलं, अगदी सहज. पोट भरलेलं असलं आणि कुणी दाबलं की उलटी व्हायची. उलटी झाली की वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशी ओरडायच्या. म्हणून तिने जेवणच सोडलं होतं. ताटातलं शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आजीला द्यायची, आणि आईला खोटं सांगायची की खाल्लं. पाच वर्षांच्या पोरीने आमच्या हातांवर हा उपाय शोधला. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून हे ओळखायचं असतं, असं आम्ही शिकलो होतो.

मी धावत वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं की काटा बिघडलेला आहे. मी म्हटलं, नाहीये. मग त्यांनी वर बघितलं. म्हणाले, पोरीचं वजन इथे घटलं असं घरी सोडायच्या कार्डावर गेलं तर बरी झालेली मुलगी दोन आठवडे का ठेवली, हे कुणीतरी विचारेल. आणि तुझा निकाल अजून लागायचा आहे. एवढंच. आवाजही चढवला नाही. कार्डावर पंधरा किलो दोनशे लिहिलं गेलं. मी परत वॉर्डात आले तर तिची आई दारात उभी होती. मी म्हटलं, दोन दिवस अजून ठेवू या का हिला. ती म्हणाली, “तुमची परीक्षा झाली ना बाई? पास झालात ना? मग आता माझी पोरगी मला द्या.” तिला सगळं कळलेलं होतं. कार्ड माझ्या हातातून ओढून घेऊन ती गेली.

मी निकाल लागेपर्यंत गप्प बसले. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं. तिच्या आईला फोन लावत होते, ती उचलत नव्हती, आणि मी स्वतःची समजूत घालत होते की घरी गेल्यावर खाईल. पहिली आल्याचं कळल्यावर काल मात्र तिच्या घरी गेले. दार उघडंच होतं. पोरगी सतरंजीवर पडून होती. मला बघितल्याबरोबर तिने फ्रॉक वर केला आणि डोळे मिटून घेतले. तिच्या आईने मला बाहेर ढकललं नाही की शिवी दिली नाही, नुसतं दार लावून घेतलं.

ते घर तुमच्याच भागात आहे, आई. पाण्याच्या टाकीमागच्या रांगेतलं शेवटचं, निळ्या दाराचं. काल मी तुझ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते. तू खिडकीत कुणाच्यातरी बाळाला लस देत होतीस. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, तशीच परतले. तुमच्याकडे औषधं घेऊन येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय, सकाळी दहापर्यंत पोचेल. वाचून झालं की लगेच तिच्याकडे जा. कार्डावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. तो कुणी लिहिला हे तुला अक्षरावरून कळेल. पोटाला हात लावू नकोस, आधी तिला काहीतरी खाऊ घाल, मग वजन कर. खरं वजन तुझ्या रजिस्टरात चढव, म्हणजे मला ते विभागप्रमुखांपुढे ठेवता येईल. माझा निकाल राहिला काय, गेला काय. तुला तिची आई घरात घेईल, तुला सगळ्या आया घेतात. फक्त तू माझी आई आहेस हे तिला सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी