डावा हातमोजा

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून दुसऱ्यांचे कपडेच धुते. तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात, पोरगी जर्मनीत दिली, आता तिचे हात पाण्यातून सुटले. कसले सुटतात. इथे फ्रँकफुर्टच्या बाजूला अमेरिकन फुटबॉलचा एक संघ आहे, पगारी खेळाडूंचा. त्यांच्या मैदानाखालच्या धुलाईखोलीत मी सहा वर्षं आहे. फुटबॉल म्हणतात, पण पाय फारसा लावत नाहीत. लांबट चेंडू असतो, एक जण तो लांब फेकतो, आणि त्याला फेकायला सवड मिळावी म्हणून त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे राहतात. समोरचे रेड्यासारखे धावून येतात, त्यांना या पाचांनी तीन-चार सेकंद थोपवायचं. एवढंच काम. चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही. थोपवलं तर कोणी नाव घेत नाही, नाही थोपवलं तर सगळं स्टेडियम आईबाप काढतं. मला ते पाच जण पहिल्यापासून आपले वाटतात. इस्त्री चांगली झाली म्हणून आपल्या दुकानात कोण कधी सांगायला आलं होतं?

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना थोपवता येत नव्हतं. मॅच बघायची मला गरज पडत नाही, कपडे येतात ना. फेकणाऱ्याचा शर्ट पोटाकडून हिरवा असला तर तो आपण होऊन पळाला आणि पडला. पाठीकडून हिरवा असला तर त्याला पाडला. यंदा पाठीवरचा आकडा ओळखू येत नव्हता, इतकं गवत. आमचा त्सॉइगवार्ट, म्हणजे सामानसुमानाचा मुख्य, म्हातारा माणूस, माझ्या टेबलावर बसून कॉफी पीत म्हणायचा की फेकणारा चेंडू उबवत बसतो, अंडं आहे का ते. कोच म्हणायचा पाचही आळशी. त्यांना उन्हात जास्तीचा सराव लावला. पिशव्या दुप्पट जड यायला लागल्या आणि पाठ हिरवीच.

प्रत्येकाची जाळीची पिशवी असते, तिच्यावर त्याचा नंबर. पाचांतला डावीकडच्या टोकाचा गडी मला फार आवडायचा. फेकणारा उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती दिसत नसलेली बाजू या माणसाच्या भरवशावर. इथलाच, हेसेनचा, अंगाने कपाटाएवढा, पण पिशवीत टाकताना मोजे सुलटे करून टाकणारा हा एकटाच. मला शेफिन म्हणायचा, मालकीणबाई. मी म्हणायची, मालकीण असते तर पहिला तुझाच शर्ट परत पाठवला असता, केवढा तो, तंबू.

त्याचे हातमोजे पांढरे. एकदा धुताना बघितलं, उजवा मातीने काळा, बोटाशी फाटलेला, आणि डावा जवळजवळ कोरा. मॅच खेळून आलेला माणूस, आणि एक हात कोरा कसा? आतल्या गंजीला डाव्या खांद्यावर चिकटपट्टीचा गोंद, मलमाचा वास. पुढच्या आठवड्यात तेच. मग कळलं. हा डावा हात उचलतच नाही. खांदा गेलाय आणि हा लपवतोय. खिंडार तिथे आहे.

आणि मी गप्प बसले. तुमच्यामुळे, असं मी म्हणत होते.

मी चौथीत होते. मास्तरांचे रुमाल आपल्याकडे यायचे आणि त्यांवर रक्ताचे ठिपके असायचे. तुम्ही ते वेगळ्या घमेल्यात, गार पाण्यात भिजवायचात, रक्ताला गरम पाणी चालत नाही म्हणून. मी वर्गात बोलून गेले, मास्तर, तुमच्या रुमालाला रक्त का असतं? सगळा वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही मारलं नाहीत. इस्त्री उभी करून ठेवलीत आणि म्हणालात, "कापडानं आपल्याला सांगितलं, गावाला नाही." दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत तोंड दाखवलं नाही आणि तुम्हीही जा म्हणाला नाहीत. वर्षाच्या आत मास्तर गेले. आप्पा, गावाला सांगायचं नव्हतं, कबूल. पण मास्तरांना एकट्याला तरी विचारायचं होतंत. किती वर्षं मी हा राग धरून होते. आता वाटतं, कसे विचारणार तुम्ही? त्यांच्या ओट्याची पायरी तुम्ही कधी चढला नव्हतात. गाठोडं खाली ठेवायचं आणि हाक मारायची. खालून वर असं काय विचारणार माणूस.

हातमोजा दिसल्यापासूनच्या तिसऱ्या मॅचला फेकणाऱ्याला डावीकडून असा धडकला एक जण, की तो उठेचना. डॉक्टरांनी शर्ट कात्रीने कापला. माझ्याकडे दोन तुकडे आले. दोन बरगड्यांना चीर, मान थोडक्यात वाचली, असं त्सॉइगवार्टने सांगितलं, आणि त्या दिवशी कॉफी घेतली नाही.

सरावाच्या दिवशी सकाळी डावीकडचा पिशवी द्यायला आला तेव्हा मी दोन्ही हातमोजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. विचारलं, "हा हात कुठे असतो तुझा?"

तो हसला. म्हणाला, "आल्झो, म्हणजे शेफिन आता कोच पण झाल्या."

"मी धुणारीच आहे. म्हणून तर दिसलं."

त्याने दार लावलं. कोणाकोणाला सांगितलंत, म्हणाला. कोणाला नाही, मी म्हटलं, तूच सांगायचंस, आजच. मग एवढा मोठा माणूस खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला की करार संपत आलाय, खांदा सांगितला तर जागा जाते, पुन्हा मिळत नाही.

"तुझी जागा जाते," मी म्हटलं, "त्याची मान जाईल."

जरा मऊ बोलायला हवं होतं. मला येत नाही. त्याने हातमोजे उचलले आणि गेला, पिशवी न देताच. पण दुपारी डॉक्टरकडे गेला, स्वतःहून. खांद्याचं ऑपरेशन झालं, हंगाम संपला त्याचा, करार पुढे झाला नाही. कपाट रिकामं करायला आला तेव्हा माझ्या दारावरून गेला आणि आत बघितलं नाही. त्याच्या जागी आलेला नवा माणूस अजून शिकतोय, मॅच आम्ही हरतोच आहोत. पण त्याचे दोन्ही हातमोजे मळलेले असतात. नवा फेकणारा पडतो तेव्हा कमी हिरवा पडतो.

हे सगळं मी धुलाईच्या यादीच्या पाठीमागे लिहितेय. मुलीला मराठी वाचता येत नाही, नवऱ्याला माझं अक्षर लागत नाही, म्हणजे हे कुठे जायचं नाही. तर खरं ते लिहिते. ते दोन आठवडे मी गप्प बसले ते तुमचा शब्द पाळायला नव्हे. तो मला शेफिन म्हणतो ते बंद होईल, याची भीती वाटत होती. एवढ्याशा गोष्टीपायी. त्याला मी तोंडावर सांग म्हणाले, आणि मला आधीच ठाऊक होतं, हे माझं मी कोणाला सांगितलेलं नाही. जुना फेकणारा आता हलका व्यायाम करतो. रोज सकाळी एका हाताने बरगडी धरून वाकतो, पिशवी माझ्या हातात देतो आणि डांके म्हणून आभार मानतो. मी बिट्टे म्हणते आणि पिशवी घेते.