रुमालाखालचा सौदा

सातारा, मंगळवार पेठ
शनिवार, २० एप्रिल १९४६

तीर्थस्वरूप तात्यामामांच्या चरणी दिगूचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला आहे, सांगलीकडे तोंड करून. विनोदिनी म्हणाली, तिकडे आपलं न्हाणीघर आहे. असेना, सांगलीही तिकडेच आहे, त्याला मी काय करू?) मामींचे गुडघे आणि जमिनीखालच्या पेवातली हळद, दोहोंनाही ओल बाधली नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत, असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहितो. विनोदिनी खुशाल आहे. मला आज चार दिवस अन्न गोड लागत नाही, आणि दारावर कुणाची थाप पडली की आधी काळीज खाली जातं आणि मग मी उठतो.

मामा, तुमच्या अडतीवरून उठताना मी जे बोललो ते तुम्ही विसरला असाल अशी मी रोज देवापाशी प्रार्थना करतो. हळद काय कुणीही विकेल, मी घरं विकून दाखवतो, असं मी भर पेठेत म्हणालो होतो आणि हमालांनी ते ऐकलं होतं. तर ते दाखवायचं अजून राहिलं आहे. कचेरीतून घर-जागेच्या दलालीचा परवाना मात्र मिळाला. तो चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीला लावला. (त्या खिळ्याला आधी विनोदिनीच्या माहेरचा गणपती होता. तो आता आत फडताळात आहे. हे पाप कुठंतरी भोवणारच होतं, असं तिचं म्हणणं.) तो परवाना आता राहतो की जातो, ह्याचाच प्रश्न आहे. गेला तर विनोदिनी वाईला माहेरी जाणार आणि मी तुमच्या दुकानात पुन्हा पोती मोजायला येणार. पोती मोजायची लाज नाही मामा, पण ते हमाल हसतील हो.

पहिला महिना कसा गेला ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की एक गृहस्थ घर बघायला आले, त्यांना मी दोन तास फिरवून आडाचं पाणी कसं बारमाही आहे, शेजार कसा सज्जन आहे, मालक कसा अडलेला आहे आणि थोडं ताणून धरलं तर कसा नरमेल, हे सगळं समजावलं. ते गृहस्थच मालक होते. नवा दलाल कसा आहे ते बघायला आले होते. त्यांनी ते बघितलं आणि गेले.

त्यानंतर देवानं अण्णांना धाडलं. अण्णा म्हणजे आमच्या पेठेतलेच, पेन्शनीत निघालेले अव्वल कारकून. माणूस कडक. भाजीवाल्याकडूनसुद्धा पावती मागेल असा. मुलगा पुण्याला बोलावतोय म्हणून घर विकायला काढलेलं. घर नामी आहे मामा, पुढं सोपा, मागं सोपा, मधे चौक, आणि मागच्या बोळात उघडणारं वेगळं दार. आणि त्याच आठवड्यात गिऱ्हाईकही आपल्या पायांनी चालत आलं. हवालदार कृष्णात, माण तालुक्यातले. लढाई संपून इटलीकडून परतले आहेत. गावाकडं पावसाचा भरवसा नाही, मेंढरं राखण्यात पोरांचा जन्म जायला नको, त्यांना साताऱ्यात शाळेला घालायची, म्हणून घर पाहिजे. बायको राहीबाई बरोबर होती. हवालदार बोलायला मोजके, आणि चैत्राच्या उन्हात अंगात पलटणीचा जाड कोट, उजवा हात सदोदित त्या कोटाच्या खिशात. मला वाटलं, साहेब लोकांत राहून ऐट शिकले असतील. (मी स्वतःही दोन दिवस खिशात हात घालून हिंडून बघितलं. विनोदिनीनं विचारलं, काय हरवलंय?)

घर दोघांनाही पसंत पडलं. राहीबाई तर चुलीपाशी जाऊन बसूनच आल्या. आता राहिला भाव. पण अण्णांच्या ओट्यावर भाव बोलायचा म्हणजे अर्ध्या पेठेत दवंडी. शेजारचे चार जण "सहज" येऊन टेकलेले, त्यांत अण्णांचे दोन चुलतभाऊ, आणि घराचा आकडा भाऊबंदांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही ही अण्णांची पहिली अट. अशा वेळी तुमच्या भाच्याला काय सुचावं? रुमाल! म्हटलं, आमच्या सांगलीच्या हळदपेठेत लाखालाखांचे सौदे रुमालाखाली होतात, कुणाला कानोसा लागत नाही. अण्णांनाही ते पटलं. तुम्हाला हे समजावणं म्हणजे सूर्यापुढे काजवा, पण चूक कुठं झाली ते मला पुन्हा एकदा मनाशी पडताळून बघायचं आहे म्हणून लिहितो. हजारात बोलायचं हे आधी तोंडी ठरवलं. हवालदारांनाही सांगितलं, की मी जितकी बोटं धरीन तितके हजार, सबंध पंजा धरला की पाच. त्यांनी मान हलवली. इथवर काही चुकलं नाही ना मामा?

अण्णांनी रुमालाखाली माझा सबंध पंजा धरला. म्हणजे पाच. मग मी रुमाल घेऊन हवालदारांकडे वळलो. त्यांनी थोडा वेळ लावला, मग खिशातला हात काढून पटकन रुमालाखाली घातला. माझ्या तळव्याला असा घाम सुटला होता, की रुमाल ओला झाला. पहिला सौदा! डोळे अण्णांकडे, कान चुलतभावांकडे, आणि मनात एकच, की ह्यांनी आता चार म्हणू नये, साडेतीन म्हणू नये. मी हातात आला तो सबंध पंजा घट्ट धरला आणि धरूनच ठेवला. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "कबूल."

मामा, माणदेशचा माणूस घासाघीस न करता कबूल म्हणतो, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती! पण मी आनंदानं वेडा झालो होतो. साखर रेशनची म्हणून गूळ वाटला, पानसुपारी झाली, अण्णांच्या चुलतभावांनी आकडा न कळल्याच्या रागात दुप्पट गूळ खाल्ला. घरी येऊन विनोदिनीला म्हटलं, गणपती बाहेर काढ.

दुसऱ्या दिवशी विसार द्यायला बसलो आणि बिंग फुटलं. हवालदार म्हणाले, तीन हजाराला सौदा झालाय, त्याचा विसार ह्यो असा. अण्णा ताडकन उठले. पाच! तीन! पाच! तीन! चुलतभावांना चार दिवसांची करमणूक आयती मिळाली. (आकडाही मिळाला, एक नाही, दोन.) मी मधे उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघतोय, आणि त्या गलक्यात हवालदारांचा उजवा हात भान सुटून बाहेर आला. मामा, त्या हाताला तीनच बोटं होती. मधली दोन नव्हती, मुळापासून. दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी तो लगेच खिशात घातला.

आता तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं? एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. म्हटलं असतं, अण्णा, मी पंजाच धरला होता, पण ह्यांच्या पंजाला बोटंच तीन, म्हणून त्यांनी तीन समजले. माझी लबाडी नाही, त्यांचीही नाही. पण त्यासाठी त्या माणसाचा हात सगळ्यांपुढे काढायचा, जो तो उन्हाळ्यात कोट घालून झाकून हिंडतोय, आणि तेही त्याच्या बायकोसमोर, चुलतभावांच्या टोळक्यापुढे. शेवटी मी म्हणालो, "मोजण्यात माझी चूक झाली." अण्णा म्हणाले, पाचापर्यंत मोजता न येणाऱ्याला परवाना दिला कुणी? तू गिऱ्हाइकाला फितूर आहेस, तिकडून काहीतरी खाल्लं आहेस. पुढच्या सोमवारी, २९ तारखेला, ते कचेरीत तक्रार देणार आणि परवाना रद्द करून घेणार. अण्णांची तक्रार म्हणजे तुम्हाला कल्पना नाही मामा. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तक्रारींत चुका काढल्या आहेत, स्वतःच्या तक्रारीत ते कानामात्रेची चूक ठेवणार नाहीत.

विनोदिनीला मी खरं कारण सांगितलेलं नाही. ती काही विचारत नाही, फक्त ट्रंक फळीवरून खाली काढून ठेवली आहे. जाता-येता मी त्या ट्रंकेला अडखळतो. मी कुणाचंही वाईट केलं नाही हो, तरी मला चोरासारखं वाटतं. बाकी क्षेम. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
दिगंबर

ता. क. – पत्रास कारण खरं असं, की आपण २८ तारखेच्या, रविवारच्या गाडीनं साताऱ्यास यावं. अण्णा तुमचं नाव ऐकून आहेत. आपण त्यांना इतकंच सांगायचं, की सांगलीच्या पेठेत सबंध पंजा धरला की तीन समजण्याचीही एक जुनी पद्धत आहे. म्हणजे भाचा लबाड नाही, नुसता गोंधळला असं ठरेल. मला ठाऊक आहे, रुमालाखाली तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत. हे रुमालाबाहेर बोलायचं आहे. उपकार जन्मभर विसरणार नाही.

ता. क. २ – सोमवार. पत्र टपालात टाकण्याचं धैर्य दोन दिवस झालं नाही. (मामा खोटं बोलतील का, ह्यापेक्षा मामा मला काय बोलतील, ह्याचीच धास्ती.) तर आता येऊ नये. वरची विनंती वाचलीच नाही असं समजावं.

आज सकाळी थाप पडली. मला वाटलं, अण्णा आठ दिवस थांबले नाहीत, कचेरीचा शिपाईच आला. बघतो तर हवालदार. पलटणीतल्या शिस्तीत म्हणाले, चला. अण्णांच्या ओट्यावर नेलं, चुलतभाऊ होतेच, आणि सगळ्यांदेखत कोट काढून ठेवला, तो उजवा हात अण्णांपुढं धरला आणि म्हणाले, "दलालाची चूक न्हाई. त्येनं पंजाच धरला हुता. माझ्या पंजाला बोटंच एवढी हायती." अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, तक्रार देत नाही. पण हळहळ वेगळी आणि घर वेगळं, तीन हजारात सबंध घर मिळणार नाही. शेवटी मागचा सोपा आणि बोळातलं दार हवालदारांना तीन हजारात दिलं. पुढचा सोपा अण्णांनी स्वतःला ठेवला, पुण्याला सुनेशी पटलं नाही तर परत यायला. राहीबाईंना चूल मागच्या सोप्यातलीच हवी होती. मामा, माझा पहिला सौदा झाला! अर्धा, पण झाला. ट्रंक फळीवर गेली.

ता. क. ३ – हे कुणाला वाचून दाखवू नये. तुम्ही आलेली पत्रं दुकानात मोठ्यानं वाचता आणि तुमचा बिराप्पा हमाल माणचाच आहे, म्हणून कळकळीची विनंती.

ओट्यावरून परतताना मी हवालदारांना विचारलं, की तुमची तर चूक नव्हती, मग एवढा हात का दाखवलात? ते म्हणाले, "आवं, लढाईवरनं आल्यापासनं ह्यो हात कुनी धरला न्हाई. घरची मानसंबी बघून मान फिरवत्यात. तुमी धरला, दचकला न्हाई, सोडलाबी न्हाई. मला आकडा सुचलाच न्हाई, गड्या. हायती तेवढी बोटं धरून कबूल म्हनलो. असल्या मानसाचा परवाना जाऊन कसं चालंल?" आता माणच्या सगळ्या पलटणीवाल्यांना ते सांगत सुटले आहेत, की साताऱ्यात दलाल असावा तर असा. विनोदिनीचा ऊर भरून आलाय. आणि मला काही दिसलंच नव्हतं, मी घाबरलेला होतो म्हणून धरून ठेवला होता, हे मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगतो.

जाताना त्यांनी हात पुढं केला. उजवा. ह्या खेपेला मला दिसत होता. मी तो धरला, आणि मामा, मी दचकलो. थोडासाच, पण हातातल्या हातात कळण्याइतका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात काही सोडला नाही.