हेमेंद्रची लाल गाडी आणि माझी देखरेख

१४ सप्टेंबर, रविवार

नातवाने गाडी आणली. दिल्लीहून. लाल. दारं दोन, माणसं दोन, बाकीच्या घरादाराने पायी यावं. स्पोर्ट्स कार म्हणतात. सेकंडहँड.

पितृपक्षात आम्ही साधी केरसुणी घेत नाही, हेमेंद्रने गाडी घेतली. वर म्हणतो, "आजी, पुरानी आहे ना, मुहूर्त पहिल्या मालकानेच बघितला असेल." सहा वर्षं ना नवे कपडे, ना कुठे फिरायला गेला, या एका गाडीसाठी. म्हणून गप्प बसले.

आत डोकावले. शी! सीटखाली चघळून चिकटवलेला च्युइंगम, कुणाचे तरी लांब केस, आणि ओल्या कुत्र्याचा वास. यात बसून नवऱ्या मुली बघायला जायचं म्हणे.

ठरवलं. गाडीची देखरेख मी करणार. सासऱ्यांचे वडील रिसाल्यात होते, घरात घोडे होते. जनावर कसं राखायचं ते आमच्या रक्तात आहे. नात हर्षिता लिहून घेते आहे. बोलणं माझं, अक्षर तिचं. ती हसते आहे. हसू नकोस, लिही.

१६ सप्टेंबर

ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातून नणंदेचा फोन. मंदावन्सं. "वहिनी, दसऱ्याला सोनं द्यायला येणार ना? का तुमच्या टेंपोवाल्याची सुट्टी असते?" मी शेअर टेंपोने जाते, त्यावर पंचवीस वर्षं हा एकच विनोद करतात. आणि पंचवीस वर्षं स्वतःच हसतात.

म्हटलं, यंदा गाडीने येईन. हेमेंद्र चालवेल. गल्लीतली माणसं बाहेर काढून ठेवा.

बोलून बसले. आता दसऱ्याला गाडी धावलीच पाहिजे.

१९ सप्टेंबर

मेकॅनिक आला. रमाकांत. बॉनेट उघडलं आणि आत उंदराचं घरटं. चिंध्या, शेंगांची टरफलं, आणखी जे असतं ते. जेवण गेलं नाही आज.

टायर चकचकीत. मी खूश. रमाकांत म्हणाला, टायरवर जन्मतारीख असते, हे सात वर्षांचे आहेत, वरून पॉलिश मारलंय. नखाने खरवडलं तर भेगा. कुणा लबाडाने म्हातारीला पावडर लावून उभी केली आणि आमच्या पोराने पसंत केली.

यादी सांगितली त्याने. टायर, ब्रेक पॅड, कूलंट, इंजिनचं ऑइल, त्याचा फिल्टर. म्हणाला, जुनी गाडी घेतली की हे आधी, फिरणं नंतर. गाडी गॅरेजवर नेतो म्हणाला. मी नाही म्हटलं. काय करशील ते माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पहिल्यांदा आत बसले. बसले म्हणजे पडले. जमिनीपासून वीतभर उंच सीट. बाहेर काढायला हेमेंद्र, हर्षिता आणि समोरचे सदाशिवराव लागले. सदाशिवरावांनी काखेत हात घातला. या वयात हे!

संकल्प: रोज सकाळी दहा वेळा बसायचं, उठायचं. मंदावन्संच्या दारात एकटीने उतरायचं.

२३ सप्टेंबर

गुडघा.

२५ सप्टेंबर

उपास आहे. उपासात व्यायाम करू नये.

२७ सप्टेंबर

टायर बदलले, ब्रेक पॅड बदलले. मी खुर्ची टाकून समोर बसले होते, म्हणून नीट झालं. रमाकांत दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "आजीसाहेब, आराम कर लीजिए." कामचुकारांना समोर माणूस नको असतं.

स्टीअरिंगच्या चाकाआड चार दिवे सारखे लागून राहतात. एक पिवळा, बाकीचे लाल. हेमेंद्र म्हणतो, सेन्सर खराब आहेत, ध्यान द्यायचं नाही. व्यायाम सोमवारपासून.

३० सप्टेंबर, अष्टमी

हेमेंद्र ऑफिसच्या कामाने झाशीला. उद्या रात्री येईल.

रमाकांतने इंजिनचं तेल काढलं. काळं, डांबरासारखं, जळका वास. अंगणातल्या फरशीवर सांडलं, राखेने घासलं तरी जात नाही. या गाडीच्या पोटात अजून काय काय आहे देव जाणे.

फिल्टर कुरिअरने उद्या यायचा आहे, तो आला की नवं तेल भरतो म्हणाला. तोवर गाडी स्टार्ट करायची नाही, हेमेंद्र भैयांना सांगा. स्टीअरिंगवर चिठ्ठी चिकटवून जातो म्हणाला. म्हटलं, चिठ्ठी कशाला? मी आहे की. जन्मभर चिठ्ठीवाचून संसार केला, एक गोष्ट विसरले नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजच्या दिवशी आमच्यात शस्त्रं आणि अवजारं पूजेला बसतात. सासऱ्यांची तलवार मांडली. जागा उरली होती. रमाकांत त्याची पेटी अंगणात ठेवून गेला होता. सगळे पाने, पक्कड, जॅक काढून धुतले, चौरंगावर ओळीने मांडले, हळदीकुंकू वाहिलं. काय ग्रीस होतं त्यांना! तीन वेळा साबण लावला, हात अजून काळे.

दुपारी फिल्टर घेऊन रमाकांत आला. म्हटलं, आता उद्या. पूजेतलं अवजार दसऱ्याआधी उचलत नाहीत. तो चौरंगाकडे बघत राहिला. म्हणाला, "अम्मा, मेरी तो पूरी दुकान बिठा दी आपने." मग म्हणाला, ठीक है, कल दोपहर को. पण भैयांना तेवढं सांगा. हो हो म्हटलं. एकच गोष्ट किती वेळा सांगतात ही माणसं.

हेमेंद्र आला तेव्हा मी झोपले होते.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळचं, संध्याकाळी सांगते आहे

गाडीला हार घातला. चाकाखाली लिंबं ठेवली. पैठणी नेसले. दहाच्या आत निघायचं ठरलं होतं. मंदावन्संचा दोनदा फोन, "गल्ली उभी आहे वहिनी, या."

मला गाडीत घातलं. हेमेंद्र आपल्या बाजूने बसला, किल्ली लावली, आणि मला तेल आठवलं.

विसरले नव्हते, हे लिही. आठवलं होतं.

पण आमचं थाटीपुर ते लष्कर म्हणजे काय लांब आहे? कढईत तेल कमी असलं तरी एक घाणा निघतो. जुनं थोडंफार आत लागलेलं असणारच. आणि सांगितलं असतं तर उतरवलं असतं मला. सगळ्यांसमोर, काखेत हात घालून.

म्हटलं, चल, उशीर होतोय.

त्याच दिवशी, पुढचं

पडावाच्या पुलापर्यंत गेली. आधी टकटक, मग खडखड, मग धडाड. मग काहीच नाही. हेमेंद्र म्हणाला, आजी, दिवा लागला होता, पण तो तर रोजच लागतो. मागून सगळं ग्वाल्हेर हॉर्न वाजवत होतं. ट्रॅफिकवाल्याने मला ओढून काढलं. पैठणीला ग्रीस.

लष्करला टेंपोने गेले. मंदावन्सं दारात होत्या. हसल्या नाहीत. "बसा वहिनी, पाणी घ्या," म्हणाल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हसल्या नाहीत.

४ ऑक्टोबर

इंजिन जाम झालं. नवं घालण्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली बरी, म्हणतात. मुळात इंजिन कमजोरच असणार. उंदराने खाल्लेलं.

रमाकांत आला होता. हेमेंद्र अंगणात त्याच्यावर ओरडला. ऑइल काढून ठेवलंस आणि बोलला नाहीस? रमाकांत म्हणाला, "भैया, आजीसाहेब को दो बार बोला था." दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला कुणी काही सांगितलं नाही.

 रमाकांतने हळदीकुंकवासकट पाने पेटीत भरले आणि तो गेला. हेमेंद्र म्हणाला, याला थाटीपुरात कुणी काम देणार नाही असं करतो. मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतो. मग बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

हर्षिता लिहीत नव्हती. का थांबलीस म्हटलं. तिने मागची पानं उलटली आणि अष्टमीपासून वाचून दाखवलं. मीच बोललेलं. एवढं मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती.

 

हेमेंद्र अजून फोन घेऊन बसलाय का बघ. टाकलं नसेल तर म्हणावं थांब, आजी बोलावते.

आणि हर्षिता, मला तोंडाने नाही सांगता येणार. वही उघडीच ठेव. त्याला वाचता येतं.